बर्फाचे पाणी आणि उलटी मोजणी: वेदना व अवधान यांवरील प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाच्या विषयाला आज मार्गदर्शक मॅडमनी संमती दिली. मन दुसऱ्या कामात गुंतलेले असताना वेदना खरोखरच कमी जाणवते का, आणि जाणवत असेल तर ते काम किती अवघड असावे लागते, एवढाच प्रश्न घेतला आहे. उत्तर घरोघरी ठाऊक असल्यासारखे वाटते, कारण मूल पडून रडू लागले की आजी त्याला उचलून खिडकीशी नेते आणि ‘तो बघ काऊ’ म्हणते. मॅडमची हरकत नेमकी तिथेच होती. काऊ दाखवल्यावर मूल रडायचे थांबते यावरून रडणे थांबले एवढेच सिद्ध होते. त्याला दुखायचे थांबले की दुखत असूनही ते गप्प बसले, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या तरच हा प्रकल्प आहे, नाहीतर आजीचेच म्हणणे तू तक्ता काढून सांगशील,’ असे त्या म्हणाल्या. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

९ जानेवारी

तीन दिवस वाचनात गेले. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पाय विस्तवाजवळ नेलेल्या माणसाचे एक चित्र आहे. पायापासून मेंदूपर्यंत जणू एक दोरी गेली आहे. खाली ती ओढली गेली की वर घंटा वाजते. दुखापत जितकी मोठी तितकी वेदना मोठी, हा समज या दोरीवर पुढे तीनशे वर्षे टिकला. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’मध्ये द्वार-नियंत्रणाचा सिद्धान्त मांडला, आणि त्यात मज्जारज्जूच्या मागील शृंगात, म्हणजे त्वचेकडून येणाऱ्या चेता जिथे मज्जारज्जूला मिळतात त्या भागात, एक दार कल्पिले. त्वचेकडून येणारा संदेश त्या दारातून किती आत जाईल, हे खालून येणाऱ्या इतर संवेदनांवर आणि वरून, म्हणजे मेंदूकडून, येणाऱ्या आदेशांवर ठरते. त्यांनी रेखाटलेल्या चेतापेशींच्या जोडण्यांपैकी बरेच तपशील पुढे दुरुस्त करावे लागले, पण दाराला वरूनही कडी घालता येते ही कल्पना टिकली. आमचा सगळा प्रकल्प त्या वरच्या कडीविषयी आहे.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी डॉक्टर हेन्री बीचर यांचे उदाहरण मात्र मी प्रस्तावनेतून काढून टाकले. १९४४ साली इटलीत ॲन्झिओ येथे गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होते, हे त्यांचे निरीक्षण विचलनाचा, म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवण्याच्या परिणामाचा, पुरावा म्हणून सर्रास दिले जाते. बीचर यांचे स्वतःचे स्पष्टीकरण वेगळे होते. त्या सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, तर नागरी रुग्णालयातील माणसाच्या दृष्टीने तसलीच जखम हे संकट असते. म्हणजे त्यांचा मुद्दा जखमेच्या अर्थाचा होता. ते सैनिक तंबूत पडून होते, त्यांचे मन कशात गुंतवलेले नव्हते. अर्थ, अपेक्षा, भीती आणि अवधान या चार वेगळ्या वाटा आहेत, आणि त्या एकाच पिशवीत घातल्या की पुढे काय मोजले ते कळेनासे होते.

१३ जानेवारी

साहित्याची जमवाजमव सुरू आहे. पद्धत शीतजल चाचणीची, म्हणजे मनगटापर्यंतचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवायचा. ही चाचणी हाइन्स आणि ब्राउन यांनी १९३०च्या दशकात रक्तदाबाच्या अभ्यासासाठी आणली आणि वेदनेच्या संशोधकांनी ती पुढे उचलली. ती स्वस्त आहे, वेदना खरी असते, आणि हात बाहेर काढला की ती ओसरते. उष्णतेने वेदना देणारे यंत्र आमच्या विभागाच्या आवाक्यात नाही.

मासेविक्रेते वापरतात तसला थर्माकोलचा मोठा खोका मंडईतून आणला. बर्फाची अर्धी लादी पोत्यात घालून मुसळीने फोडली. हे काम प्रयोगशाळेतल्या मामांनी केले, आणि ‘मानसशास्त्रात हे कधीपासून आलं?’ असेही विचारून घेतले. बर्फाचे खडे थेट त्वचेला लागू नयेत म्हणून मच्छरदाणीची जाळी खोक्यात मधोमध ताणून बसवली, एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला हात.

इथे पहिला धडा मिळाला. तापमापक २ अंश दाखवत असताना मी हात घातला आणि मिनिटभरातच वेदना ओसरल्यासारखी वाटली. क्षणभर स्वतःचे कौतुकही वाटले. मग बोटे किंचित हलवली आणि कळ पुन्हा उसळली. स्थिर पाण्यात हाताच्या उबेने त्वचेलगत कोमट पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि हात त्या थरात बसून राहतो. तापमापक खोक्याच्या कोपऱ्यातले पाणी मोजत होता, माझ्या हाताभोवतीचे नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ २ अंशांच्या फरकानेही सहन करण्याचा कालावधी बदलतो असे आढळले होते, त्यामुळे हा थर म्हणजे किरकोळ त्रुटी नव्हे. माशांच्या टाकीत लावतात तो छोटा पंप आणून पाणी फिरते ठेवले आणि तापमापकाचे टोक हाताच्या जागेपाशी बांधले.

१७ जानेवारी

नीतिविषयक समितीचा अर्ज भरला. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, थंडीने बोटे पांढरी पडण्याचा आजार किंवा हाताला जखम असलेल्यांना घ्यायचे नाही. ३ मिनिटांनंतर हात बाहेर काढायला सांगायचे. त्याआधी केव्हाही, कारण न देता, काढता येईल. चक्कर येऊ शकते म्हणून पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी.

२१ जानेवारी

विचलनासाठी कोणते काम द्यावे यावर आज दिवसभर खल झाला. गाणे ऐकवणे किंवा चित्रफीत दाखवणे सोपे आहे, पण ऐकणारा ऐकतो आहे की नाही हे आपल्याला कळत नाही. काम असे हवे की त्यात लक्ष उडाले तर ते चुकांमधून दिसावे.

पहिली सूचना शंभरातून सात-सात वजा करत जाण्याची होती. माझ्या जोडीदार मैत्रिणीवर आणि दोन कनिष्ठ विद्यार्थ्यांवर ती करून पाहिली. त्र्याण्णव, शहाऐंशी इथपर्यंत ठीक चालले, आणि एकोणऐंशीपाशी तिघांपैकी दोघे अडले. त्यांचे शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले आहे. मनात वजाबाकी इंग्रजी अंकांत करून ते उत्तराचे मराठी भाषांतर करत होते, आणि ‘सेव्हंटी नाइन’चे ‘एकोणऐंशी’ होईपर्यंत श्वास रोखून धरत होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा किती वाद झाला होता, त्याची आठवण झाली. आमच्यापुढची अडचण मात्र नुसती भाषेची नव्हती: एकाच कामाचा भार वेगवेगळ्या माणसांवर वेगळा पडत असेल, तर ‘अवघड काम’ हा शब्द तक्त्यात एकाच रकान्यात लिहिता येत नाही. शिवाय उत्तरे मोठ्याने म्हणताना श्वासाची लय बदलते, आणि श्वास बदलला की वेदनाही बदलू शकते.

म्हणून वजाबाकी सोडली आणि वेदना व अवधान यांवर काम केलेल्या हॅम्बर्गच्या एका संशोधक गटाच्या पद्धतीकडे वळलो. एकामागून एक अक्षरे येतात. सोप्या प्रकारात लगतच्या आधीचे अक्षर पुन्हा आले की बटण दाबायचे, अवघड प्रकारात दोन जागा आधीचे अक्षर पुन्हा आले की दाबायचे. दोन्ही प्रकारांत कान, अक्षरे आणि बोटाची हालचाल सारखीच असते, फरक फक्त स्मृतीवरच्या ओझ्याचा असतो. अक्षरे मैत्रिणीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. पहिल्या यादीत प-ब आणि त-थ अशा जोड्या राहिल्या होत्या आणि ऐकणाऱ्याची फसगत होत होती. त्या काढून क, म, ट, र, स, ल, ग, न ही आठ ठेवली.

२५ जानेवारी

हॅम्बर्गचा तो अभ्यास आज पुन्हा नीट वाचला, कारण मॅडमच्या पहिल्या दिवशीच्या हरकतीचे सर्वांत थेट उत्तर त्यातच आहे. ख्रिश्चन ब्युखेल यांच्या गटातील स्प्रेंगर आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला. सहभागींच्या हाताला वेदना होईल इतकी उष्णता दिली जात होती, ते सोपे किंवा अवघड अक्षरकाम करत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या मानेतील मज्जारज्जूची चुंबकीय प्रतिमा घेतली जात होती. अवघड काम चालू असताना लोकांनी वेदना कमी सांगितली, हे अपेक्षितच होते. पण मज्जारज्जूच्या मागील शृंगातला प्रतिसादही कमी झाला. म्हणजे संदेश मेंदूपर्यंत पूर्ण पोचला आणि तिथे मेंदूने त्याच्याकडे दुर्लक्ष केले, एवढ्याने भागत नाही. त्याला वाटेतच, पहिल्या चौकीवर, काही प्रमाणात अडवले गेले.

दुसऱ्या भागात त्यांनी काहींना नॅलोक्सोन दिले. हे औषध अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखते. आपल्या शरीरातही अशी द्रव्ये तयार होतात, हे १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी दाखवले होते. नॅलोक्सोन दिल्यावर विचलनाचा वेदनाशामक परिणाम सुमारे ४० टक्क्यांनी घटला. परिणामाचा उरलेला भाग कुठून येतो, हा प्रश्न मला अधिक ओढ लावतो, पण तो आमच्या थर्माकोलच्या खोक्यातून सुटणारा नाही. आदेश निघतो ती जागाही बरीच ओळखीची आहे. मध्यमेंदूतील नलिकेभोवतीच्या करड्या भागाला विद्युत उद्दीपन दिल्यावर उंदरांवर भूल न देता शस्त्रक्रिया करता आली, असे रेनॉल्ड्स यांनी १९६९ साली नोंदवले होते, आणि २००२ साली ऑक्सफर्डमध्ये आयरीन ट्रेसी यांच्या गटाने माणसांत, लक्ष दुसरीकडे वळवलेले असताना, हाच भाग अधिक सक्रिय झाल्याचे दाखवले.

थोडक्यात, काऊ दाखवणाऱ्या आजीच्या हाती खरोखरच एक कडी असते. आता ती आमच्या खोक्यात दिसते का ते पाहायचे.

२८ जानेवारी

पहिली पूर्वचाचणी माझ्यावरच झाली. पाणी २ अंश, पंप चालू, काम काही नाही.

हात आत गेल्यावर पहिले काही सेकंद केवळ गार लागते. मग त्वचेला झोंबू लागते. दहा-बारा सेकंदांनी झोंबणे मागे पडते आणि मनगटाच्या सांध्यातून, बोटांच्या पेरांमधून, खोलवरून ठणका वर येतो. तो त्वचेचा वाटत नाही, हाडाचा वाटतो. या टप्प्यावर खोलीतली प्रत्येक गोष्ट हातापासून दूर जाते. समोरच्या भिंतीवरचे वेळापत्रक मी पाहत होते, पण वाचत नव्हते. ५२ सेकंदांनी हात बाहेर काढला. तो मनगटापर्यंत लाल झाला होता आणि टॉवेल लागला तेव्हा चटका बसल्यासारखे वाटले.

अर्ध्या तासाने, दुसरा हात, अवघड अक्षरकाम. या वेळी हात ८१ सेकंद राहिला. यातून काही सिद्ध होत नाही, कारण काय निघायला हवे हे मला ठाऊक होते आणि दुसऱ्या खेपेला भीती कमी होती. नोंदवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मैत्रीण दर १५ सेकंदांनी ‘किती?’ विचारत होती आणि मी शून्य ते दहामधला आकडा सांगत होते. प्रत्येक ‘किती?’सरशी अक्षरांची मालिका तुटायची, मी हातात परत यायचे, तिथे काय चालले आहे ते पाहायचे, आकडा द्यायचे आणि मग पुन्हा अक्षरांच्या मागे धावायचे. अक्षरकामातल्या माझ्या जवळजवळ सगळ्या चुका या प्रश्नानंतरच्या पाच-सहा सेकंदांत झाल्या आहेत. लक्ष वेदनेवरून हटल्यावर वेदना किती उरते हे आम्ही मोजू पाहतो, आणि मोजण्यासाठी दर १५ सेकंदांनी लक्ष वेदनेवर आणून ठेवतो.

१ फेब्रुवारी

मॅडमबरोबर याच अडचणीवर दोन तास बोलणे झाले. एक पर्याय सरकपट्टीचा: मोकळ्या हाताने सतत ती वर-खाली करत राहायची. तो बाद, कारण सरकपट्टी हेच एक दुसरे काम होते आणि तेही वेदनेकडे पाहत राहण्याचे. दुसरा पर्याय आकडा विचारायचाच नाही, फक्त हात किती वेळ राहिला ते मोजायचे. त्यात सहनशक्तीची ईर्ष्या मिसळते. प्रयोग घेणारी स्त्री असेल तर पुरुष सहभागी वेदना कमी सांगतात, असे लेव्हिन आणि डी सिमोन यांनी १९९१ साली याच शीतजल चाचणीवर दाखवले होते, आणि आम्ही दोघीही स्त्रिया आहोत. काल एका मुलाने हात काढल्या काढल्या ‘सगळ्यात जास्त कोणाचा?’ असे विचारले. त्याने हात किती वेळ ठेवला हे त्याच्या वेदनेविषयी सांगते की त्याच्या मित्रमंडळाविषयी, हे मला सांगता येणार नाही.

तिसरा पर्याय शेवटी एकदाच विचारायचा. त्यातही एक जुनी अडचण आहे. डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला; दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले. पुन्हा करायचे झाल्यास कोणते निवडाल, असे विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी लांबलचक खेप निवडली, कारण तिचा शेवट थोडा सुसह्य होता. म्हणजे नंतर विचारलेला आकडा संपूर्ण अनुभवाची बेरीज नसतो. त्यावर कमाल कळ आणि शेवट यांचाच ठसा असतो.

मधे विचारावे तर विचलन मोडते, नंतर विचारावे तर स्मृती आडवी येते. शेवटी ठरले ते असे: किती वेळ सहन होते हे मोजायचेच नाही. सर्वांना सारखाच, ठरलेला वेळ हात ठेवायला सांगायचा आणि पाणी इतके सौम्य ठेवायचे की बहुतेकांना तो वेळ पूर्ण करता येईल. मग शेवटचा क्षण तिन्ही प्रकारांत (काम नाही, सोपे काम, अवघड काम) एकाच वेळी येतो, आणि स्मृतीची खोट गेली नाही तरी सर्व रकान्यांना सारखीच लागते. (नंतरची भर) पुढचे तीन दिवस तापमान ठरवण्यात गेले. ८ अंश आणि ९० सेकंद.

५ फेब्रुवारी

आज ‘वेदना’ या शब्दानेच अडवले. संमतिपत्रकात आम्ही लिहिले होते: ‘० म्हणजे मुळीच वेदना नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल अशी सर्वांत तीव्र वेदना.’ चौथ्या क्रमांकाच्या सहभागी विद्यार्थिनीने हात काढला, दात आवळलेले, डोळ्यांत पाणी, आणि तिने आकडा दिला ३. आश्चर्य वाटून विचारले तर ती म्हणाली, ‘वेदना अशी नाही हो ताई, झोंबतंय फक्त. झोंबण्याला विचाराल तर आठ.’

तिचे म्हणणे बरोबर आहे. मराठीत ‘मला वेदना होत आहेत’ हे वाक्य बातमीत किंवा डॉक्टरच्या कागदावर असते. बर्फात हात घातलेला माणूस ते बोलत नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसते, पाठीत चमक येते किंवा उसण भरते, पोटात कळा येतात, जखमेची आग होते, मिरची झोंबते, काटा बोचतो, आणि हात-पाय नुसतेच ओढतात. मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल प्रश्नावलीत इंग्रजीतले असे ७८ शब्द २० गटांत लावले होते. आपल्याकडे नुसते सणक आणि चमक यांतला फरक समजावून द्यायला एक उतारा लागेल.

आणि ‘जीव नकोसा झाला’, ‘नको नको झालं’ हे शब्द या यादीत बसत नाहीत, कारण ते हाताचे वर्णन करत नाहीत, हात ज्याचा आहे त्याचे करतात. हा भेद शास्त्रालाही मान्य आहे. १९९७ साली मॉन्ट्रियलमध्ये रेनविल आणि सहकाऱ्यांनी संमोहनाखालील सूचनांनी वेदनेचा त्रासदायकपणा बदलून दाखवला, तेव्हा मेंदूच्या पुढील सिंग्युलेट भागातली हालचाल त्याबरोबर बदलली, पण स्पर्शसंवेदनेच्या प्राथमिक भागातली बदलली नाही. आमच्या एका आकड्यात या दोन गोष्टींची खिचडी होत होती.

म्हणून आता प्रश्न दोन आहेत: ‘हाताला किती जोराने जाणवत होते?’ आणि ‘ते किती नकोसे वाटत होते?’ वेदना हा शब्द प्रश्नातून काढून टाकला. मॅडमनी ‘नकोसे’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आणि राहू द्या म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

रविवार जोडून घरी आले आहे. आईचे गुडघे गेली सहा वर्षे दुखतात. संध्याकाळी मालिका चालू असताना ती पाऊण तास पाय खाली सोडून बसली, एकदाही कण्हली नाही. मालिका संपली, ती उठायला गेली, आणि ‘आता सगळी वसुली होणार बघ’ म्हणत भिंत धरून उभी राहिली. तिच्या या वसुलीचा एक अभ्यास आहे. गूबेर, क्रॉम्बेझ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना वेदना देणारी हालचाल करायला लावली. ज्यांचे मन त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतवले होते त्यांना हालचालीनंतर अधिक वेदना झाली. एक शक्यता अशी की, लक्ष नसल्यामुळे शरीराने दिलेली ‘पुरे आता’ ही सूचना ऐकली गेली नाही. बर्फातल्या वेदनेत इजेची सूचना खोटी असते, म्हणून ती न ऐकणे परवडते. आईच्या गुडघ्यातली सूचना बहुधा तितकी खोटी नसावी. आमच्या अहवालात मर्यादांच्या कलमात हे लिहायचेच, कारण वाचणारा सर्वप्रथम स्वतःच्या जुन्या दुखण्याला हे लावून पाहणार.

१२ फेब्रुवारी

नवव्या क्रमांकाचे सहभागी, वय ४१, विभागाच्या बाह्य अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. काम नसलेल्या खेपेत त्यांनी दोन्ही प्रश्नांना अनुक्रमे ८ आणि १ असे आकडे दिले. आधी वाटले प्रश्न कळला नसावा. मग समजले की ते इगतपुरीला धम्मगिरीत तीन वेळा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले आहेत. ‘मी बघत होतो. ते होतं, आणि मी बघत होतो,’ एवढेच ते म्हणाले. म्हणजे ज्या खेपेला आम्ही ‘अवधान वेदनेवर’ असे लिहिले होते, त्याच खेपेला त्यांचे अवधान आमच्या कल्पनेपेक्षा किती तरी अधिक वेदनेवर होते, आणि तरीही ती नकोशी वाटली नाही. अवघड अक्षरकामाच्या खेपेत उलट नकोसेपण वाढून ४ झाले. तो आमचा आजवरचा सर्वांत गैरसोयीचा आकडा आहे.

वाचनात याला आधार सापडतो. मॅककॉल आणि मॅलट यांनी १९८४ सालच्या आढाव्यात मांडले होते की सौम्य वेदनेत विचलन उपयोगी पडते, पण वेदना तीव्र असेल तेव्हा संवेदनेकडे तटस्थपणे पाहणे अधिक परिणामकारक ठरते. ही वाट शरीरातही वेगळी दिसते: झैदान आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ध्यान करणाऱ्यांना नॅलोक्सोन दिले, तरी ध्यानाचा वेदनाशामक परिणाम टिकून राहिला. हॅम्बर्गच्या विचलनाचा मात्र नॅलोक्सोनने घटला होता. या सहभागींना गाळायचे की ठेवायचे यावर मैत्रिणीचे आणि माझे पटले नाही. तिच्या मते ध्यानाचा अनुभव हा आधीच वगळण्याचा निकष हवा होता. मला त्यांना काढणे म्हणजे न आवडलेला आकडा पुसणे वाटते. तडजोड अशी की ते पूर्वचाचणीत राहतील, मुख्य चाचणीत ध्यानाच्या सरावाविषयी प्रश्न आधी विचारला जाईल आणि उत्तर वेगळ्या रकान्यात जाईल.

१५ फेब्रुवारी

अक्षरकामाच्या चुका आज एकत्र मांडल्या. हात कोरडा असताना अवघड कामात होतात त्याहून बर्फात त्या जास्त होतात, आणि त्या मुख्यतः तिसाव्या ते साठाव्या सेकंदादरम्यान, म्हणजे ठणका चढतो त्या वेळी, दाटतात. एकल्सटन आणि क्रॉम्बेझ यांचा १९९९ सालचा मुद्दा हाच होता: वेदनेचे कामच मुळी लक्ष खेचून घेणे आहे. आपण विचलनाला वेदनेवरचा उपाय म्हणतो, पण वेदनेच्या बाजूने पाहिले तर तीच मोठी विचलन करणारी आहे, आणि एकाच लक्षासाठी दोघींची ओढाताण चालू असते. म्हणून कामातल्या चुका हा आमचा दुसरा मोजमापाचा काटा ठरतो. एखाद्याने वेदना कमी सांगितली पण चुका मात्र ढीगभर केल्या, तर त्याचे मन कामात नव्हतेच, आणि वेदना कमी होण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

तसे एक कारण अपेक्षेचे असू शकते. बुह्ले आणि वेगर यांच्या गटाने २०१२ साली खोटे मलम आणि अक्षरकाम एकत्र वापरून पाहिले. दोन्हींचे परिणाम एकमेकांत भर घालत होते, आणि मलमावरच्या विश्वासामुळे काम बिघडत नव्हते. विश्वास आणि अवधान या दोन वेगळ्या वाटा असाव्यात असा त्याचा अर्थ. यापुढे सहभागींना ‘काम केल्याने दुखणे कमी होईल’ असे कोणीही सुचवायचे नाही. मामांनाही सांगितले, कारण ते दारात प्रत्येकाला ‘अक्षरे नीट ऐका, काही होत नाही’ असा धीर देत होते. त्यांना वाईट वाटले.

१८ फेब्रुवारी

वाचनाच्या टिपणांत जळीत रुग्णांचा भाग जोडला. सिएटलच्या हार्बरव्ह्यू केंद्रात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी मलमपट्टी बदलताना रुग्णांना आभासी बर्फाच्या प्रदेशात बर्फाचे गोळे फेकायला लावले. अशा आभासी जगाच्या वापराचा त्यांचा पहिला अहवाल २००० सालचा, दोन किशोरवयीन रुग्णांवरचा. मुलांना सुई टोचताना विचलन आणि इतर मानसिक उपाय उपयोगी पडतात का, यावरील ५९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली आला, आणि विचलनापुरते उत्तर होकारार्थी असले तरी पुराव्याची प्रत कमी असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत कमी का, हे मला महिनाभरापूर्वी कळले नसते. सुई पाहणाऱ्या मुलाला खेळणे दिले आहे की नाही हे निरीक्षकाच्या डोळ्यांसमोरच असते, आणि आकडाही बहुधा तोच लिहितो.

२० फेब्रुवारी

मुख्य चाचणीची तयारी पूर्ण झाली. तीन खेपा: काम नाही, सोपे काम, अवघड काम. क्रम प्रत्येकासाठी चिठ्ठी काढून. दोन खेपांमध्ये अर्धा तास, आणि प्रत्येक खेपेआधी हात ३७ अंशांच्या पाण्यात २ मिनिटे, म्हणजे सुरुवात सर्वांची सारखी होईल. पाणी ८ अंश, ९० सेकंद. मधे कोणीही बोलायचे नाही. हात बाहेर आला, टॉवेलात गुंडाळला, की दोन प्रश्न, त्याच क्रमाने, कागदावर. खेप कोणती होती हे प्रश्न देणारीला कळू नये म्हणून ती पडद्याआड बसेल; ध्वनिमुद्रण कानातल्या यंत्रातून वाजेल. ज्यांचा हात ९० सेकंदांआधी बाहेर येईल त्यांचा आकडा वेगळा ठेवायचा, गाळायचा नाही.

आज शेवटची तालीम मैत्रिणीवर घेतली. काम नसलेल्या खेपेनंतर तिने कागदावर ७ आणि ६ लिहिले, अवघड कामानंतर ६ आणि ३. पहिल्या प्रश्नात एकाचा फरक, दुसऱ्यात तिनाचा. ती प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून हे आकडे कुठेही जाणार नाहीत. पण दोन प्रश्न वेगळे केले नसते तर हा फरक आम्हाला दिसलाच नसता.

बर्फाची लादी उद्या सकाळी आठला येईल. पंपाची तार खोक्याच्या कडेला घासत होती, तिथे मामांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून दिला आहे. पहिल्या सहभागी साडेदहाला.